वाचक विचारतात : कोणत्या प्लेटवर कोण वाढतं आणि कोण अडतं

गेल्या अंकात कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीचा, रिपोर्ट कसा वाचावा यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीकडे वळतात : लॅबमध्ये जंतू वाढवायला वेगवेगळी माध्यमं (म्हणजे जंतूंचं खाद्य; ते अगरने घट्ट करून चपट्या बशीत ओतलं की झाली प्लेट) का लागतात, आणि प्लेटवर काही वाढलं नाही तर त्यातून काय समजायचं. माझी नोकरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात झाली आणि तिथली मीडिया रूम अनेक वर्षं माझ्याकडे होती. त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. या वेळी त्यातलीच काही पत्रं घेते.

प्रश्न : *आम्हाला प्रॅक्टिकलला मॅकॉन्की अगर देतात. त्यातले पित्तक्षार ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंना थांबवतात, एवढं पाठ आहे. पण पित्तच का? आणि ते ई. कोलायला का थांबवत नाही?*
— बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, लातूर

तू पाठ केलेल्या वाक्याच्या मागे गेलीस याचा मला आनंद झाला. म्हणून जरा सविस्तर लिहिते. इतर वाचकांसाठी एवढंच : ग्रॅमच्या रंगाने जांभळे दिसतात ते ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू, गुलाबी दिसतात ते ग्रॅम निगेटिव्ह; आतड्यात राहणारा ई. कोलाय दुसऱ्या गटातला.

एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा इंग्लंडमध्ये शहरांच्या सांडपाण्याचा प्रश्न मोठा झाला होता आणि त्यासाठी सरकारने रॉयल कमिशन नेमलं होतं. त्या कामात लिव्हरपूलला आल्फ्रेड मॅकॉन्की हा डॉक्टर पाण्यातून विष्ठेतले जंतू वेगळे काढायच्या खटपटीत होता. पाण्यात मातीतले, हवेतले, झाडपाल्यावरचे असे कितीतरी जंतू असतात. साध्या न्यूट्रिएंट अगरवर ते सगळे वर येतात आणि त्या गर्दीत हवा तो हाती लागत नाही. मॅकॉन्कीला हवे होते आतड्यात राहणारे जंतू. आतड्यात यकृताकडून पित्त सतत उतरत असतं, म्हणजे तिथे जो टिकला त्याला पित्त सोसतं. बाहेरच्या बहुतेकांना ते सोसत नाही. १९०० साली त्याने पित्तक्षार घातलेलं माध्यम प्रसिद्ध केलं. पुढच्या काही वर्षांत त्यात सुधारणा झाल्या, लिटमस जाऊन न्यूट्रल रेड हे आम्लात रंग बदलणारं द्रव्य आलं, आणि आज तुझ्या टेबलावर येते ती प्लेट त्याच घराण्यातली.

आता ‘का थांबवत नाही’ ते. पित्तक्षार स्निग्ध पदार्थ सुटे करतात, आणि जंतूच्या पेशीभोवतीचं पातळ आवरण स्निग्धच असतं. ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूची भिंत जाड असते खरी, पण ती सच्छिद्र आहे. पित्तक्षार तिच्यातून आत शिरतात आणि आवरण फाटतं. ग्रॅम निगेटिव्ह जंतूला बाहेरून आणखी एक पडदा असतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला लायपोपॉलिसॅकराइडचा घट्ट थर असतो, त्यातून हे रेणू सहजी जात नाहीत. जे थोडे आत जातात त्यांना ई. कोलाय पंपाने परत बाहेर टाकतो. या पंपाचं नाव एक्रएबी-टोलसी. पुढे प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू शिकशील तेव्हा हेच नाव पुन्हा भेटेल, कारण हाच पंप अनेक औषधंही बाहेर टाकतो. टायफॉइडचा जंतू तर पित्ताशयात घर करतो. आजार बरा झाल्यावरही काही माणसांच्या पित्ताशयात तो वर्षानुवर्षं राहतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडत राहतो. असा जंतू पित्ताच्या प्लेटवर वाढणारच.

तुमच्या प्लेटमध्ये बहुधा क्रिस्टल व्हायोलेट हे जांभळं रंगद्रव्यही असेल, एका लिटरला जेमतेम १ मिलिग्रॅम. पित्त सोसणारे एन्टरोकोकससारखे ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू त्याने अडतात. क्रिस्टल व्हायोलेट नसलेलं मॅकॉन्कीही मिळतं, त्यावर एन्टरोकोकसच्या बारीक गडद गुलाबी कॉलनी (जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) येतात. म्हणून बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचायची सवय आत्तापासून लाव.

निवड झाली, आता ओळख. लिटरला १० ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. ते ज्याला पचतं तो आम्ल सोडतो, न्यूट्रल रेड गुलाबी होतं. इनक्युबेटरमधून (जंतू वाढवायच्या उबदार पेटीतून) काढलेली प्लेट लगेच उघडू नकोस, खिडकीच्या उजेडात धर. ई. कोलायची कॉलनी चपटी, कोरडीशी, गडद गुलाबी; तिच्याभोवती धुरकट गुलाबी वलय दिसेल. आम्लामुळे आसपासचे पित्तक्षार साकळतात, त्याचं ते वलय. क्लेबसिएला फुगीर, ओलसर, चकचकीत. लूप (जंतू उचलायची तारेची कडी) लावून वर उचललास तर पक्क्या पाकासारखी तार येते. आणि यांच्यामध्ये एखादी फिकी, पाण्याच्या रंगाची, पटकन नजरेत न येणारी कॉलनी असेल तर तिच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. साल्मोनेला, शिगेला यांना लॅक्टोज पचत नाही. जुलाबाच्या नमुन्यात आपण शोधतो ते बहुतेक वेळा त्या फिक्या कॉलनीतच असतं. ती उचलायला हात सावध लागतो. गुलाबी शेजाऱ्याला लूप लागला की पुढच्या सगळ्या टेस्ट वाया जातात.

प्रश्न : *प्रतिजैविकं जंतू मारतात. मग जंतू वाढवायच्या माध्यमातच ती मुद्दाम घालतात, असं माझा मुलगा सांगतो. हे खरं आहे का?*
— निवृत्त फार्मासिस्ट, सांगली

खरं आहे. इतकंच नव्हे, पेनिसिलिनचा पहिला नेमाने झालेला उपयोग हाच होता.

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या प्लेटवर बुरशी आली, ही गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. त्याने १९२९मध्ये त्यावर जो शोधनिबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच म्हटलं आहे की या बुरशीच्या द्रवाचा विशेष उपयोग ‘बॅसिलस इन्फ्लुएन्झी’ वेगळा करण्यासाठी होतो. हा जंतू घशाच्या नमुन्यात असतो, पण तिथले स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस त्याला झाकून टाकतात. पेनिसिलिनने ते दबतात, याला मात्र काही होत नाही, आणि तो स्वच्छ वर येतो. ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी पेनिसिलिनचं औषध केलं ते त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. मधल्या काळात फ्लेमिंगच्या लॅबमध्ये ते प्लेटवरचं तण काढण्याच्या कामी येत होतं.

आज हीच युक्ती फार पुढे गेली आहे. गोनोरिया या लैंगिक रोगाच्या तपासणीसाठी थेयर-मार्टिन नावाचं माध्यम असतं. त्यात व्हँकोमायसिन ग्रॅम पॉझिटिव्हना रोखतं, कोलिस्टिन बहुतेक ग्रॅम निगेटिव्हना आणि निस्टॅटिन यीस्टला. उरतो तो गोनोकोकस, म्हणजे गोनोरियाचा जंतू.

मला याहून मोलाचं वाटतं ते कॅम्पिलोबॅक्टरचं उदाहरण. हा जंतू जुलाब करतो, पण अनेक दशकं नेहमीच्या प्लेटवर कुणाला दिसलाच नाही. तो सावकाश वाढतो, त्याला कमी ऑक्सिजन लागतो, आणि तोवर विष्ठेतले बाकीचे जंतू प्लेट भरून टाकतात. १९७७ साली इंग्लंडमधल्या वूस्टरच्या डॉ. स्किरो यांनी घोड्याच्या रक्ताच्या अगरमध्ये व्हँकोमायसिन, पॉलिमिक्सिन बी आणि ट्रायमेथोप्रिम घातलं, प्लेट कमी ऑक्सिजनमध्ये ४३ अंशांवर ठेवल्या, आणि जुलाबाच्या ८०३ रुग्णांपैकी ५७ जणांत हा जंतू सापडला. जुलाब नसलेल्या लोकांत एकही नाही. आजार आधीपासून होताच. तो दिसेल अशी प्लेट नव्हती.

याची दुसरी बाजू तुमच्यासारख्या औषधं हाताळलेल्या माणसाला लगेच पटेल. गोनोकोकसच्या काही जाती स्वतःच व्हँकोमायसिनने मरतात. त्या थेयर-मार्टिनवर वाढत नाहीत आणि रोग असूनही प्लेट कोरी निघते. म्हणून शेजारी औषध न घातलेली चॉकलेट अगरची प्लेट लावतात (नाव तसं असलं तरी त्यात चॉकलेट नसतं, तापवलेलं रक्त असतं). निवडक प्लेट एकटी कधी लावू नये, हा मी नोकरीभर धरून ठेवलेला नियम आहे. खर्च वाढतो म्हणून तो मोडायचा आग्रह होतो तेव्हा मी आजही वाद घालते.

प्रश्न : *आमची तालुक्याची छोटी लॅब आहे. चिठ्ठीवर ‘स्टूल कल्चर’ एवढंच लिहून येतं. सगळ्या प्रकारच्या प्लेट ठेवणं परवडत नाही. कमीत कमी काय ठेवावं? पावसाळ्यात कॉलऱ्यासाठीचं टीसीबीएस ठेवलंच पाहिजे का?*
— लॅब टेक्निशियन, नंदुरबार जिल्हा

तुमच्या पत्राने मला जुने दिवस दिसले. आधी चिठ्ठीबद्दल. प्लेट निवडायची म्हणजे कुणाला शोधायचं हे आधी ठरवायचं, आणि ते रुग्णाला पाहिलेल्या डॉक्टरांना माहीत असतं, आपल्याला नाही. ताप आहे का, रक्त पडतं का, जुलाब भाताच्या पेजेसारखे आहेत का, गावात आणखी किती जण आजारी आहेत, औषध सुरू झालं का : ही पाच उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं. चिठ्ठीवर नसतील तर फोन करा. डॉक्टर वैतागले तरी करा. पुढच्या वेळी ते आपण होऊन लिहितात.

रोजच्या नमुन्यासाठी मॅकॉन्की आणि एक्सएलडी या दोन प्लेट आणि एक सेलेनाइट ब्रॉथची (साल्मोनेला वाढवायच्या द्रव माध्यमाची) नळी, इतकं ठेवलंत तर पाया भक्कम होतो. एक्सएलडीवर साल्मोनेला लाल, मधोमध काळी, शिगेला नुसती लाल, कोलाय पिवळा. काही ठिकाणी पैसे वाचवायला फक्त एसएस अगर लावतात. तसं करू नका. एसएस फार कडक माध्यम आहे, त्यावर शिगेला डिसेंटरी टाइप १ बऱ्याचदा वाढतच नाही. म्हणजे रक्ती आवेचा सगळ्यात घातक जंतू शोधायला बसायचं आणि त्यालाच दाबून टाकायचं. प्लेट जितकी कडक तितकी ती स्वच्छ दिसते, आणि स्वच्छ प्लेट पाहून समाधान होतं. त्या समाधानावर विश्वास ठेवू नये.

रक्त पडतंय, ताप फारसा नाही, मूल लघवी कमी करतंय, असं कळलं तर सॉर्बिटॉल मॅकॉन्की आठवा. ई. कोलाय ओ१५७ साध्या मॅकॉन्कीवर इतर कोलायसारखाच गुलाबी दिसतो. त्याला सॉर्बिटॉल लवकर पचत नाही, म्हणून लॅक्टोजऐवजी सॉर्बिटॉल घातलेल्या प्लेटवर तो फिका उठतो. ही प्लेट तुम्ही रोज ठेवायची गरज नाही. असा नमुना जिल्ह्याच्या लॅबला पाठवा आणि संशय काय आहे ते स्पष्ट लिहा.

आता टीसीबीएस. पावसाळ्यात ठेवाच. थायोसल्फेट, सायट्रेट, पित्त आणि सुक्रोज यांचं हे हिरवं माध्यम कॉलऱ्याच्या जंतूसाठीच बांधलेलं आहे. त्याचा पीएच ८.६, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. आतड्यातल्या इतर जंतूंना ते मानवत नाही, व्हिब्रिओला मानवतं. कॉलऱ्याच्या जंतूला सुक्रोज पचतं म्हणून कॉलनी पिवळी. समुद्री मासळीतून येणारा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस सुक्रोज पचवत नाही, त्याची कॉलनी हिरवी. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या प्लेटवर २ ते ४ मिलिमीटरच्या चपट्या, चकचकीत पिवळ्या कॉलनी दिसल्या की हातातलं काम बाजूला ठेवायचं.

हे माध्यम वापरताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्या बाटलीवर बारीक अक्षरात असतात आणि घाईत सुटतात. टीसीबीएस ऑटोक्लेव्ह करायचं नाही, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायचं नाही. उकळी आणून पूर्ण विरघळवायचं, ५० अंशांपर्यंत निवलं की ओतायचं. ऑटोक्लेव्ह केलं तर ते बिघडतं. प्लेट इनक्युबेटरमधून काढल्या काढल्या वाचायच्या. आधी फ्रिजमध्ये ठेवून दुपारी वाचल्या तर पिवळा रंग परत हिरव्याकडे जातो आणि कॉलरा हुकतो. ऑक्सिडेज टेस्ट (रंग बदलण्यावरून जंतू ओळखायची चाचणी) टीसीबीएसवरच्या कॉलनीवर थेट करू नका, उत्तर खोटं येतं. ती कॉलनी न्यूट्रिएंट अगरवर घ्या आणि तिथून करा. मॅकॉन्कीवरच्या गुलाबी कॉलनीलाही हाच नियम लागू आहे. आणि प्रत्येक नव्या लॉटची पूड आली की ओळखीच्या जंतूवर तपासून पाहा. या माध्यमाचा लॉटनुसार फरक पडतो, आणि पुडीला दमट हवा लागून गोळे झाले असतील तर ती वापरूच नका. कोकणात आणि तुमच्याकडच्या पावसात बाटलीचं झाकण सैल राहिलं तर काही दिवसांत गोळे होतात. बाटली उघडल्याची तारीख मार्करने लिहा.

टीसीबीएस परवडत नाही असा महिना आला तरी अल्कलाइन पेप्टोन वॉटर सोडू नका. ते स्वस्त आहे, तुम्ही स्वतः बनवू शकता : पेप्टोन, मीठ, आणि पीएच ८.६. नमुना घाला, ३७ अंशांवर ६ ते ८ तास ठेवा, हलवू नका. व्हिब्रिओला हवा हवी असते, तो वरच्या पृष्ठभागावर जमतो. लूप फक्त वरच्या थरात बुडवून प्लेट लावा. रात्री घरी जायचंय म्हणून नळी सकाळपर्यंत ठेवली तर तोवर इतर जंतूही वाढून बसतात. मग त्या नळीच्या वरच्या थरातून थोडं नव्या पेप्टोन वॉटरमध्ये घालून पुन्हा ६ तास द्यायचे.

नमुना कसा येतो यावरही सगळं अवलंबून आहे. आमच्याकडे एकदा पावसाळ्यात एका गावातून स्वॅब आले, नुसते काचेच्या नळीत, कापूस वाळून कडक झालेला. एकावरही व्हिब्रिओ आला नाही. डॉक्टर म्हणत होते, रुग्ण पाहून मला कॉलऱ्याशिवाय काही वाटत नाही. आम्ही एसटीच्या कंडक्टरच्या हाती कॅरी-ब्लेअर या नमुना वाहून न्यायच्या माध्यमाच्या नळ्या पाठवल्या. दुसऱ्या खेपेचे स्वॅब त्या नळ्यांतून आले आणि टीसीबीएस पिवळ्या झाल्या. कॅरी-ब्लेअरमध्ये खाद्य जवळजवळ नसतं, त्यामुळे जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. फ्रिज नसला तरी कॉलऱ्याचा जंतू त्यात काही दिवस टिकतो. पहिल्या खेपेचा रिपोर्ट ‘वाढ नाही’ एवढाच गेला असता तर गावाला कॉलरा नाही असं कागदावर लागलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की रिपोर्टवर ‘वाढ नाही’ लिहिताना कोणत्या माध्यमांवर, किती तास आणि नमुना कोणत्या अवस्थेत आला तेही लिहा. तीन ओळी जास्त लागतात. वाचणाऱ्या डॉक्टरांना त्या तीन ओळींतून पुढचं पाऊल कळतं.

पिवळ्या कॉलनी दिसल्या आणि ऑक्सिडेज पॉझिटिव्ह आली तर सिरमची (जंतूची पक्की ओळख पटवणाऱ्या टेस्टची) वाट न पाहता त्याच तासाला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करा. प्लेट नीट सील करून वरच्या लॅबला पाठवा. उरलेल्या ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय लॅबच्या बाहेर जाऊ देऊ नका.

प्रश्न : *वडिलांच्या बेडक्याची मशीनवर तपासणी झाली, काही तासांत टीबी असल्याचं कळलं. तरी कल्चरला पाठवलं आणि सहा आठवडे थांबा म्हणतात. आजकाल एवढा वेळ का लागावा?*
— एक वाचक, मालेगाव

तुमची तगमग समजते. औषध सुरू झालं असेल तर काळजीचं कारण नाही. कल्चरसाठी औषध थांबवत नाहीत.

टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. ई. कोलाय २० मिनिटांत एकाचा दोन होतो, याला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. बेडक्यात तोंडातले असंख्य जंतू असतात, ते एका रात्रीत सगळं माध्यम खाऊन टाकतील. म्हणून आधी बेडका सोडियम हायड्रॉक्साइडने धुतात. टीबीच्या जंतूचं मेणचट आवरण ते काही वेळ सोसतं, बाकीचे मरतात. मग तो लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर जातो. त्यात कोंबडीची अंडी, ग्लिसरॉल आणि मॅलाकाइट ग्रीन असतं. ते हिरवं रंगद्रव्य उरलेल्या जंतूंना दाबतं, म्हणून बाटल्या फिकट हिरव्या दिसतात. अंडं घट्ट व्हावं म्हणून त्या आडव्या ठेवून ८०-८५ अंशांवर तापवतात. त्या तिरप्या हिरव्या पृष्ठभागावर काही आठवड्यांनी पिवळसर, कोरड्या, खडबडीत कॉलनी येतात. वाढ नसेल तर ८ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय निगेटिव्ह म्हणत नाहीत. द्रव माध्यमात हे लवकर होतं, तिथे ४२ दिवस थांबतात.

मशीन जंतूचा डीएनए शोधतं, आणि मेलेल्या जंतूचाही डीएनए काही काळ राहतो. उपचार चालू असताना जंतू जिवंत आहे का, आणि कोणती औषधं त्याला लागू पडतात याचं पूर्ण चित्र हवं असेल तर तो वाढवूनच पाहावा लागतो. त्यासाठी हे थांबणं आहे. वडिलांच्या औषधाचा एकही दिवस चुकू देऊ नका.

आणखी एक सांगते. याच कुळातला कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेनने १८७३मध्ये पाहिला. आजवर तो कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. तिथे कोऱ्या प्लेटवरून काहीच ठरत नाही.

प्रश्न : *मी सातवीत आहे. आईच्या चायना ग्रासपासून घरी प्लेट करून नळाच्या पाण्यातले जंतू वाढवू का? विज्ञान प्रदर्शन आहे.*
— चंद्रपूर

चायना ग्रास म्हणजे अगरच, समुद्रशेवाळापासून केलेलं. लॅबमधलं जास्त शुद्ध केलेलं असतं, इतकाच फरक. आणि ते लॅबमध्ये आलं स्वयंपाकघरातूनच. जर्मनीत रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये वाल्टर हेसे काम करायचे. त्यांच्या जिलेटिनच्या प्लेट उन्हाळ्यात वितळायच्या, काही जंतूही जिलेटिन विरघळवून टाकायचे. १८८१ साली त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगर सुचवलं. जेली आणि पुडिंगसाठी त्या ते वापरत, आणि जावा बेटावर राहिलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून त्यांना ते कळलं होतं. कॉखने १८८२च्या टीबीच्या निबंधात अगरचा उल्लेख केला, पण त्यांचं नाव घेतलं नाही. तू तुझ्या तक्त्यावर ते नक्की लिही.

मात्र घरी जंतू वाढवू नकोस. पाण्यात थोडेसे असतात तेव्हा ते त्रास देत नाहीत, पण प्लेटवर त्यांचे कोट्यवधी होतात, आणि त्यांतला कोणता आजारी पाडणारा आहे हे डोळ्यांना कळत नाही. त्याऐवजी हा प्रयोग कर : एका वाटीत जिलेटिनची जेली, दुसरीत चायना ग्रासची. दोन्ही घट्ट झाल्या की चंद्रपूरच्या दुपारी ओट्यावर ठेव, तापमापी लाव, आणि कोणती कधी सुटते ते दर अर्ध्या तासाने वहीत लिही. जिलेटिन पाणी होईल. चायना ग्रास तसंच राहील, कारण एकदा घट्ट झालं की ते ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. म्हणूनच ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये आमच्या प्लेट घट्ट राहतात. परीक्षकांना हे समजावून सांगितलंस तर पुष्कळ झालं.

प्रश्न : *ग्रामपंचायतीच्या विहिरीचं पाणी एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) तपासणीच्या बाटलीत घातलं, दुसऱ्या दिवशी काळं झालं. पाणी दिसायला स्वच्छ आहे. गावकरी म्हणतात बाटलीच खराब. काय करावं?*
— जलसुरक्षक, पुरंदर तालुका

बाटलीची मुदत संपलेली नसेल तर तिच्यावर विश्वास ठेवा. ही तपासणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी तयार करून १९८२मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती खेड्यासाठीच आहे : इनक्युबेटर नको, मायक्रोस्कोप नको. बाटलीतल्या कागदाच्या पट्टीत पेप्टोन, लोहाचा क्षार, थायोसल्फेट आणि टीपॉल जिरवून वाळवलेलं असतं. टीपॉल हे धुण्याचं द्रावण, आणि ते इथे मॅकॉन्कीतल्या पित्ताचं काम करतं. आतड्यातल्या जंतूंबरोबर असणारे काही जंतू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू करतात, तो लोहाशी मिळून काळा होतो. पाणी काळं झालं म्हणजे विहिरीत कुठून तरी विष्ठा झिरपत असण्याची दाट शक्यता आहे. पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर मात्र तो वायू पाण्यातच असू शकतो आणि बाटली फसते, तेवढं हुंगून पाहा.

आज विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, ओटी टेस्ट (क्लोरीन मोजायची रंगाची टेस्ट) करा, उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम भरलं पाहिजे. विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा, गोठा, फुटलेलं गटार आहे का ते चालून पाहा. तोवर लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा.

मग जिल्ह्याच्या लॅबला नमुना पाठवा, तो त्यांनी दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच. त्या बाटलीत तळाशी थोडं सोडियम थायोसल्फेट असतं. ती घाण आहे असं समजून कुणी बाटली धुऊन घेतात, तसं होऊ देऊ नका. ते थायोसल्फेट पाण्यातलं क्लोरीन जागच्या जागी संपवतं. ते नसेल तर वाटेतल्या प्रवासात क्लोरीन जंतू मारत राहतं, लॅबमध्ये प्लेट कोरी येते, आणि विहीर चांगली असल्याचा रिपोर्ट गावाला मिळतो. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, वर थोडी जागा ठेवा. बर्फाच्या डब्यातून सहा तासांत पोहोचवा, आणि सोबतच्या कागदावर टीसीएल कधी टाकलं ती वेळ लिहा.